डोळे मिटले की धडधड

प्रश्न: वय 23, नोकरी पुण्यात. लहानपणी वडील पिऊन आले की घरात मारझोड व्हायची. आता एकटी राहते. झोप नीट लागत नाही म्हणून माइंडफुलनेसचं (चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याच्या सरावाचं) अ‍ॅप घेतलं. रात्री दिवा मालवून, पडल्या पडल्या 20 मिनिटांचं ‘बॉडी स्कॅन’ ऐकते, म्हणजे आवाज सांगेल तसं शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष न्यायचं. लक्ष पोटाकडे आलं की छाती धडधडते, कधी हातपाय बधिर होतात. अ‍ॅप म्हणतं, ‘जे येईल त्याच्यासोबत राहा.’ 18 दिवसांची सलग नोंद मोडेल म्हणून थांबतही नाही. माझं काय चुकतंय?

उत्तर: तुमचं काही चुकत नाही. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये माइंडफुलनेसचा वर्ग सुरू केला. बॉडी स्कॅन त्यातूनच सगळीकडे पोचलं. वर्गात शिक्षक समोर असतो, चेहरा उतरला की त्याला कळतं. फोनला कुठलं कळायला! कडी वाजली की अंग चोरायचं, अशा घरात वाढलेल्या शरीराला अंधारात डोळे मिटून उताणं पडणं म्हणजे पहारा सोडणं वाटू शकतं. म्हणून धडधड. अगदीच सोसेनासं झालं की शरीर जाणीवच मिटवून घेतं, तो बधिरपणा. त्याला शांती समजू नका.

बॉडी स्कॅन तूर्त बंद. संध्याकाळी, दिवा लावून, खुर्चीत बसा. पाठीशी भिंत, दार नजरेसमोर. डोळे उघडेच. लक्ष श्वासावरही नको, कारण धडधड तिथेच भेटते. तळपायांना लागणारी गार फरशी किंवा पंख्याची घरघर पुरे. पहिला आठवडा फक्त 3 मिनिटं, जमलं तर 5. अस्वस्थतेला 10 पैकी गुण द्या: 3-4 पर्यंत बसून राहायला हरकत नाही, 6 झाले की उठा. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या, मनगटांवर गार पाणी सोडा. निवेदकाचा आवाज खटकत असेल तर बदला. अ‍ॅपच्या ‘सरावाची वेळ झाली’ अशा सूचना बंद करा, आणि ती सलग नोंद खुशाल मोडा. ती अ‍ॅपवाल्यांच्या सोयीची आहे.

‘इगतपुरीला विपश्यनेला दहा दिवस जाऊन ये’ असं कुणीतरी सांगेलच. सध्या नको. पुढे कधी गेलात तर अर्जात मानसिक त्रासाबद्दल विचारलेलं असतं, तिथे खरं लिहा.

थांबल्यावरही अर्ध्या तासात धडधड उतरत नसेल, जुने प्रसंग पुन्हा घडताहेत असं वाटत असेल किंवा स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर अ‍ॅप बाजूला ठेवून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. सेवा मोफत, 24 तास, मराठीतही. समुपदेशक निवडताना ‘ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी किंवा ईएमडीआरचं प्रशिक्षण आहे का?’ असं थेट विचारा; या दोन्ही मानसिक आघातावरच्या उपचारपद्धती आहेत. त्यात संकोच कसला?

प्रश्न: अ‍ॅप फोनमधून काढलं, तरी पैसे कापले जातात.

उत्तर: अ‍ॅप काढल्यानं वर्गणी थांबत नाही. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये स्वतःच्या फोटोवर टिचकी मारून सबस्क्रिप्शनमधून ती रद्द करा. यूपीआयनं भरत असाल तर तिथलं ऑटोपेही तपासा. मनःस्थितीच्या नोंदी लिहिल्या असतील तर अ‍ॅप पुन्हा फोनमध्ये घेऊन आधी खातं पुसा, मग अ‍ॅप.