वडिलांच्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर गंभीर गुंतागुंत झाली आहे. मी त्यांना आधार कसा देऊ?

तुम्ही लिहिले आहे की मोठ्या आतड्यातली गाठ काढल्यावर सहाव्या दिवशी वडिलांचा आतला जोड सुटला, दुसऱ्यांदा पोट उघडावे लागले, पोटावर शौच गोळा करणारी पिशवी आली, आता अतिदक्षता विभागात ते असंबद्ध बोलतात आणि बाहेर बाकावर बसलेल्या तुम्हाला आपला काहीच उपयोग नाही असे वाटते. चार वर्षांपूर्वी माझ्या यजमानांच्या बाबतीत हेच घडले, म्हणून लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. उपचार काय करायचे ते शल्यचिकित्सकच ठरवतील. पण वडिलांना आजारापूर्वीपासून ओळखणारे तिथे तुमच्याशिवाय कोणीही नाही, आणि ही ओळख फार उपयोगाची असते.

आमचे घर गोव्यात सावईवेरेला, कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत. पाचव्या दिवशी संध्याकाळी यजमानांनी पेजेची वाटी दोनदा बाजूला सारली, पोट फुगून टणक लागत होते आणि नाडी सारखी ११५ च्या वर होती. उकड्या तांदळाच्या पेजेला नको म्हणणारा हा माणूस नव्हे, हे मला ठाऊक होते. पण पाळीवरच्या डॉक्टरांना मी एवढेच सांगितले की यांना बरे वाटत नाही. त्यांनी गॅस असेल म्हणून गोळी दिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सीटी स्कॅनमध्ये जोडातून गळती दिसली. ती रात्र वाया गेल्याची रुखरुख मला अजून आहे. त्यानंतर मी एक वही केली आणि तिच्यात ताप, नाडी, लघवी, नळीतून येणाऱ्या द्रवाचा रंग, पोटात गेलेले घोट, सारे वेळेसह लिहू लागले. ‘सकाळी ९०, आता १२०, आणि दुपारपासून पोट वाढले आहे’ असे सांगितले की ऐकणारा थांबून ऐकतो. शंका राहिलीच तर वरिष्ठांना बोलवा असे स्पष्ट म्हणावे. त्यात उद्धटपणा नाही. डॉक्टरांशी मात्र घरातल्या एकानेच बोलावे, नाहीतर एकाच उत्तराचे चार अर्थ घरी पोहोचतात.

असंबद्ध बोलण्याने तुम्ही सर्वांत जास्त घाबरला आहात, म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहिते. जंतुसंसर्ग, झोपेची मोडतोड, औषधे आणि दिवस-रात्र सारखाच असणारा उजेड यांमुळे अतिदक्षता विभागातल्या अनेक रुग्णांना, विशेषतः वयस्करांना, असा भ्रम होतो. ते वेड नव्हे, आणि बहुतेकांच्या बाबतीत प्रकृती सुधारते तसे ते ओसरत जाते. यजमान सलाईनच्या नळीकडे बोट दाखवून विचारत, ‘कुळागराला पाणी सोडलेस?’ सुरुवातीला मी वाद घालत असे, मग ते चिडून नळी ओढू पाहत. एका परिचारिकाबाईंनी मला समजावले की वादही घालू नये आणि खोटी री सुद्धा ओढू नये. मग मी हात हातात घेऊन सावकाश म्हणू लागले, ‘आज मंगळवार, सकाळचे दहा वाजले आहेत. तुम्ही इस्पितळात आहात, ऑपरेशन झाले आहे. पाणी भाऊजींनी सोडले आहे.’ दिवसातून वीस वेळा तेच. वडिलांचा चष्मा किंवा कानाचे यंत्र घरी राहिले असेल, तर विभागात विचारून आजच नेऊन द्या. नीट दिसत-ऐकत नसले की भ्रम वाढतो.

पिशवीकडे यजमानांनी पहिले आठ दिवस पाहिले नाही. पोटावर बाहेर काढलेले आतड्याचे ते तोंड ओठाच्या आतल्या बाजूसारखे लाल आणि ओलसर असते, आणि त्याला स्पर्शाने वेदना होत नाहीत. काळसर दिसू लागले तर मात्र लगेच सांगावे. त्याच्या भोवती चिकटणाऱ्या पिशवीच्या चकतीचे छिद्र मोजून, तोंडापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापायचे. सैल राहिले तर गळून कातडी सोलवटते. पहिले छिद्र मी वाकडे कापले आणि रात्री दोन वाजता सगळी चादर बदलावी लागली. यजमानांचा चेहरा पडला होता. मी पुसता पुसता सुपारीचे भाव काढले, तेव्हा कुठे ते बोलू लागले. त्यांच्याकडे पाहून नाक मुरडले नाही, एवढे त्यांना पुरले असावे. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. ती लहान आतड्याची असेल तर पाण्याबरोबर मीठही जाते, म्हणून नुसते पाणी पुरत नाही. जलसंजीवनी किती द्यायची ते घरी सोडण्यापूर्वी लिहून घ्या.

पैशांचेही आताच पाहा. गोवा सरकारच्या २०१६ पासूनच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीनपर्यंत सदस्यांच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. कार्ड असेल तर दुसरी शस्त्रक्रिया त्यात कशी धरली आहे, हे इस्पितळाच्या खिडकीवर विचारा.

वडील शुद्धीवर येऊन विचारतील, तेव्हा दुसरे ऑपरेशन झाल्याचे त्यांच्यापासून लपवू नका. पोटावरची जखम त्यांना दिसणारच आहे. आणि भेटायला येणाऱ्या नातलगांना तूर्त थांबवून, त्यांच्यापैकी एकाला रात्रीची पाळी द्या. मी सलग नऊ रात्री बसले आणि दहाव्या दिवशी नाडीचा आकडा वहीत चुकीचा लिहिला. आज रात्री कोणालातरी बाकावर बसवा आणि तुम्ही घरी जाऊन झोपा.