वाफ राखायची, मग इंजिन

प्रश्न : ताई, मी रेल्वेत फिटर होतो. निवृत्तीनंतर जलरंगात वाफेची इंजिनं रंगवायला लागलो. यंदा मार्चमध्ये दार्जिलिंगला जाऊन आलो आणि तिथल्या छोट्या गाडीची सात चित्रं केली. इंजिन हुबेहूब उतरतं, पण नातू म्हणतो, ‘आजोबा, ही गाडी उभीच आहे.’ वाफ तर कापूस चिकटवल्यासारखी दिसते. हात मोकळा कसा करू?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : काका, तुमच्या घूम स्टेशनच्या चित्रात मी बॉयलरकडचे रिव्हेट मोजले, 31 भरले. इतक्या मायेनं इंजिन पाहणारं माणूस मला फार दिवसांनी भेटलं. पण तुम्ही आधी इंजिन पुरं करता आणि उरलेल्या जागेत चायनीज व्हाइट या पांढऱ्या रंगानं वाफ भरता. हा क्रम उलटा करा.

जलरंगात वाफ म्हणजे राखलेला कोरा कागद. ती कुठून निघणार, कुठे वळणार, इंजिनाचा कोणता भाग गिळणार, हे ब्रश ओला करण्याआधी पेन्सिलीनं ठरवा.

माझं बालपण मूर्तिजापूरचं. आमच्या शकुंतलेला, म्हणजे तिथल्या छोट्या गाडीला, 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं. हिवाळ्यात सकाळी गाडी सुटताना सिलिंडरचे कॉक उघडले की वाफ फुस्सकन खाली पसरायची आणि चाकं दिसेनाशी व्हायची. चिमणी आणि ड्रायव्हरचं डोकं तेवढं तरंगत राहायचं. मे महिन्यात तेच इंजिन, पण वाफ दोन हातांवर विरून जायची. तुमच्या सातही चित्रांत वाफ सारखीच आहे. घूम 2258 मीटरवर, तिथल्या गारठ्यात ती दाट होऊन रेंगाळायला हवी.

आता कृती. 300 जीएसएमचा कॉटन कागद घ्या, पातळ कागद इतकं पाणी सोसत नाही. वाफेची जागा आणि तिच्या मागचा डोंगर एकदमच ओला करा. धुपीच्या, म्हणजे तिथल्या सूचीपर्णी झाडांचा गडद हिरवा त्या ओल्यात सोडा आणि वाफेच्या कडेपाशी हात थांबवा. रंग आपणच थोडा आत सरकेल, सरकू द्या. मागे गडद काही नसेल तर वाफ पांढरी दिसतच नाही; उजळ आकाशासमोर ती करडी दिसते. कोळशाचा धूर वेगळा, त्यात बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाची किंचित झाक द्या.

कागद जवळजवळ सुकला की इंजिन. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना, सायीसारखं घट्ट कालवून. चिमणी, टाकी, केबिन असं सुटं सुटं न रंगवता एकाच आकारात, मोठ्या ब्रशनं. निळ्या इंजिनाची सावलीतली बाजूही अशीच. जिथे हा आकार वाफेला भिडतो, तिथे लगेच स्वच्छ ओला ब्रश टेकवा. कड विरघळते आणि गाडी चालू लागते. चाकं तर निम्मी पुसलेलीच ठेवा. तुम्हाला ती चारही ठाऊक आहेत म्हणून हात शिवशिवेल, पण धावत्या गाडीत ती डोळ्याला दिसत नाहीत.

इंग्लिश चित्रकार टर्नरचं 1844 सालचं ‘रेन, स्टीम अँड स्पीड’ पाहा. ते तैलरंगातलं आहे, लंडनच्या नॅशनल गॅलरीत. पावसात पूल, नदी सगळं विरलंय आणि काळी चिमणी मात्र ठाम उभी. तेवढ्या एका ठाम जागेवर गाडी अंगावर येते.

तुमचीही ठाम जागा एकच असू द्या. समोर कोळशावर बसून ढेकळं फोडणारा माणूस तुमच्या दुसऱ्या चित्रात कोपऱ्यात गेलाय. मी असते तर तोच घेतला असता. त्याच्या हातोड्यावरचा उजेड सुक्या ब्रशनं, एका फटक्यात. रिव्हेट हवेच असतील तर त्याच्या शेजारचे दोन-तीन.