छेदात कोण आहे?

कोल्हापूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

गेल्या शनिवारी राजारामपुरीत माझ्या घरी येऊन तू दोन शोधनिबंध टेबलावर ठेवलेस आणि म्हणालीस, "सर, राज्य तेच, विमा तोच, आणि उत्तरे मात्र उलटी. एक म्हणतो माणसे वाचली, दुसरा म्हणतो प्रकृतीत फरक पडला नाही. मी प्रबंधात लिहू तरी काय?" त्यावर माझा आवाज चढला आणि तू अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेलीस. तेव्हा जे धड सांगता आले नाही, ते आता लिहितो.

सर्वांना आरोग्यसेवा मिळावी की नाही, हा आपल्यातला वाद नाही. ज्या संस्थानाने 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तिथल्या माणसांना ते कुणी पटवून द्यायला नको. प्रश्न पुराव्याचा आहे, आणि पुरावा हाती आला की आधी छेद, म्हणजे अपूर्णांकातला खालचा आकडा, पाहायचा. वरचा आकडा सगळेच मोठ्याने सांगतात. खाली कोण आहे, आणि असायला हवे होते पण नाही असे कोण, हे तुला विचारायचे आहे.

मुळात "विमा तोच" हे तुझे वाक्यच चुकीचे आहे. 2014 साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेला निबंध वाजपेयी आरोग्यश्री योजनेवर, म्हणजे कर्नाटकने गरीब कुटुंबांना दिलेल्या विम्यावर आहे. ही योजना 2010 मध्ये आधी उत्तर कर्नाटकात आली आणि दक्षिणेत नंतर गेली. संशोधकांनी या विभागणीच्या रेषेजवळची, दोन्ही बाजूंची 572 गावे घेतली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांत, योजनेत बसणाऱ्या आजारांनी होणारे मृत्यू 64 टक्क्यांनी कमी दिसले. वर्तमानपत्राची बातमी इथे थांबते, तू थांबू नकोस. योजना नव्हती तिथे हे प्रमाण 0.90 टक्के होते आणि होती तिथे 0.32 टक्के, म्हणजे हजारात 9 आणि हजारात 3. फरक मोलाचाच आहे, पण 64 हा आकडा एकटा ऐकल्यावर डोळ्यांसमोर जे येते, ते हे नव्हे. ही माहिती घरोघरी विचारून घेतलेली आहे, त्यामुळे जो रुग्णालयापर्यंत पोचलाच नाही, तोही छेदात आहे. योजनेबाहेरच्या, जरा बऱ्या स्थितीतल्या शेजाऱ्यांत असा फरक दिसला नाही, म्हणून उत्तरेकडे सगळेच चांगले असेल ही शंकाही बरीच कमी होते. तरीही गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, एवढे लक्षात ठेव.

दुसरा निबंधही कर्नाटकातलाच, पण केंद्राच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचा आहे. तिथे 10 हजारांहून अधिक कुटुंबे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, गटांत वाटली होती, म्हणजे पद्धत पहिल्यापेक्षा भक्कम. पण ती कुटुंबे दारिद्र्यरेषेच्या वरची होती, विमा कुटुंबामागे वर्षाला 30 हजार रुपयांचा होता, तर पहिल्या योजनेत हृदयविकार, कर्करोग यांसारखे मोठे उपचार होते. शिवाय कार्ड हातात असूनही अनेकांना ते रुग्णालयात वापरताच आले नाही. न वापरलेली ही कार्डे छेदात ठेवली आहेत, आणि ती ठेवायलाच हवीत, कारण शासन माणसाच्या हातात कार्ड देते, बरे होणे देत नाही. दोन निबंध भांडत नाहीत, बाळ. ते वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलत आहेत.

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने 2008 मध्ये सरकारी विम्यासाठी सोडत काढली. सोडतीत नाव निघालेल्यांपैकी जेमतेम 30 टक्के प्रत्यक्ष विम्यात आले, तरी संशोधकांनी तुलना करताना नाव निघालेल्या सर्वांना छेदात धरले आणि मग विमा मिळालेल्यांवरचा परिणाम वेगळा काढला. दोन वर्षांनी नैराश्य कमी झालेले दिसले, उपचारांपायी घर बुडण्याचे प्रमाण जवळजवळ संपले, आणि रक्तदाब व साखर यांत ठोस म्हणता येईल असा फरक सापडला नाही. "फरक सापडला नाही" आणि "फरक नाही" ही दोन वेगळी वाक्ये आहेत. तुझ्या मसुद्यात पान दोनवर तू ती एक केली आहेस, आणि खरे सांगायचे तर मी चिडलो ते त्या पानावर.

चिडण्याला कारण आहे. गरिबांना मोफत उपचार देणारी महाराष्ट्राची राजीव गांधी जीवनदायी योजना आपल्या जिल्ह्यात आल्यानंतर दीड-दोन वर्षांनी एका संस्थेसाठी मी तिच्या लाभाचा अभ्यास केला. संस्थेने दिलेली यादी योजनेखाली उपचार घेऊन घरी गेलेल्या रुग्णांची होती. मी गावोगाव फिरलो, बहुतेकांनी हात जोडून समाधान सांगितले, आणि मी तसे लिहिले. चंदगड तालुक्यातल्या एका वाडीत यादीतले घर शोधताना चुकून शेजारच्या घरात शिरलो. तिथल्या बाईंनी पत्र्याच्या डब्यामागून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत पिवळे रेशनकार्ड, गुंडाळी झालेला ईसीजीचा कागद आणि दागिने गहाण ठेवल्याची पावती होती. रेशनकार्डावर नवऱ्याचे नाव एका अक्षराने चुकले होते, ओळखपत्राशी जुळत नव्हते. दुरुस्ती करून या, असे सांगून त्यांना परत पाठवले होते, आणि तिसऱ्या दिवशी तो माणूस गेला. तो माझ्या यादीत नव्हता, कारण योजनेखाली तो कधी दाखलच झाला नव्हता.

परत पाठवलेल्यांवर मी एक परिच्छेद लिहिला. संस्थेने तो "अभ्यासाच्या कक्षेबाहेर" म्हणून काढला, आणि मी अहवालावर सही केली. योजना चांगली आहे, टीकाकारांच्या हातात कोलीत कशाला द्या, असे तेव्हा मनाशी म्हटले होते. त्यानंतर मात्र छेद दाखवल्याशिवाय एकाही अहवालावर सही केली नाही. त्यापायी कामे गेली, मित्रांनी मला योजनेचा शत्रू म्हटले. मी शत्रू नव्हतो आणि आजही नाही. ज्याला ही सेवा खरोखर सर्वांपर्यंत जायला हवी आहे, त्यानेच ती कुणापर्यंत गेली नाही ते मोजायला नको का? मी हट्टी आहे असे तुझ्या मार्गदर्शकांना वाटत असेल, तर वाटू दे.

रविवारी सकाळी ये. दोन्ही निबंधांतला पहिला तक्ता छापून आण, आणि समासात पेन्सिलीने लिहून आण, की कोण मोजले गेले, कुठून आले, मध्येच कोण गळाले. निष्कर्षाचे पान घरीच ठेव. तो काढून टाकलेला परिच्छेद माझ्याकडे अजून हस्तलिखितात आहे, तो मी शोधून ठेवतो. आणि या वेळी चहा पूर्ण घेऊन जा.

तुझा,
सर