कोटी म्हणजे शंभर लाख नव्हे

ताई, मुलीला नववीची निर्देशक भूमिती समजावता यावी म्हणून तुम्ही स्वतः पुन्हा गणित हातात घेतलंत, फार छान केलंत. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून एक आलेख वही आणा. सुरुवातीला तेवढं पुरे.

‘कोटी’ या शब्दाला अडलात ना? हा शंभर लाखांचा आकडा नव्हे. इथे कोटी म्हणजे बिंदूचा वाय-निर्देशक, जोडीतला दुसरा आकडा: बिंदू आडव्या एक्स-अक्षाच्या किती वर किंवा खाली आहे ते. संस्कृतात कोटी म्हणजे धनुष्याचं वाकलेलं टोक. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त काटकोन त्रिकोणाच्या बाजूंना भुज, कोटी आणि कर्ण म्हटलंय. आडवा तो भुज, उभी ती कोटी. तोच शब्द पुढे वाय-निर्देशकाला लागला. कोटीचा इंग्रजी शब्द ‘ऑर्डिनेट’ मात्र लॅटिनमधून आला. मुळात अर्थ ‘क्रमाने लावलेली रेषा’. वक्राच्या आत ओळीने ओढलेल्या समांतर रेषा डोळ्यांपुढे आणा. त्या शब्दात ‘उभं’ असं काही नाहीच, आणि ही गोष्ट मला फार आवडते.

नवख्यांच्या चुका बहुतेक दोनच:

- क्रम उलटणं. (३, ५) म्हणजे आधी उजवीकडे तीन घरं, मग वर पाच. कोटी ५. दर वेळी पेन्सिल आरंभबिंदूवर (आडवा आणि उभा अक्ष छेदतात तिथे) टेकवूनच मोजा.
- चिन्ह विसरणं. (४, −३) ची कोटी −३. एक्स-अक्षापासूनचं अंतर मात्र ३.

एक्स-अक्षावरच्या प्रत्येक बिंदूची कोटी शून्य असते, चार-पाच बिंदू काढून बघाच. तिरके अक्ष, ध्रुवीय निर्देशक हे पुढचे प्रकार आत्ता नकोत. आज रात्री मुलीला बिंदू सांगू द्या, तुम्ही काढा.