आजोबांचा लेथ भंगारात देऊ का?

प्रश्न: काका नमस्कार, आमच्या दांडिया बाजारच्या घरी मागच्या खोलीत आजोबांचा लेथ (धातू फिरवून कातायचं मशीन) पडलाय, चार फुटी बेड (ज्यावर बाकी भाग सरकतात तो लोखंडी पाया), पट्ट्यावर चालणारा. आजोबा कलाभवनात, म्हणजे इथल्या जुन्या तंत्रशाळेत, शिकलेले. वीस वर्षं कुणी हात नाही लावला, चक, म्हणजे काम पकडून फिरवणारा जबडा, फिरतच नाही. भंगारवाला किलोने मागतोय आणि मुलगा म्हणतो ग्राइंडर मारून रंग देऊन टाकू. काय करू?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर: ताई, भंगारवाल्याला परत पाठवा आणि ग्राइंडर आधी लपवून ठेवा. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनात शिकलेला माणूस मशीन कोरडं सोडून जाणार नाही, त्यामुळे गंजाखाली बेड बरा निघेल असं मला तरी वाटतं.

चकला पाइप लावून जोर करू नका. आधी बॅक गिअर (स्पीड कमी करणारी मागची चाकं) टाकलेला असताना बुल गिअरची (स्पिंडलवरच्या मोठ्या चाकाची) पिनही आत राहिलीय का ते बघा, दोन्ही एकदम लागले की स्पिंडल, म्हणजे चक बसवलेला दांडा, जाम होतो, बिघाड काहीच नसतो. तसं नसेल तर जुनं तेल डिंकासारखं सुकलंय, ऑइल कपातून डिझेल सोडा, दोन दिवस थांबा, मग हाताने मागेपुढे हलवा.

आता बेड. डिझेल आणि भांड्याची जाळी, बस्. एमरी पेपर नको, त्याची कच सॅडलखाली (बेडवर सरकणाऱ्या, हत्यार धरणाऱ्या भागाखाली) अडकते आणि रोज थोडा थोडा बेड खाते. साफ झाला की चकजवळ नख आडवं फिरवा, पायरी लागली तर तिथे झीज आहे, कारण जन्मभराचं काम तिथेच होतं. मग सॅडल चकजवळ असताना गिब (सॅडलची ढिलाई काढायची पट्टी) घट्ट करा आणि टेलस्टॉककडे, म्हणजे चकच्या विरुद्ध टोकाला, सरकवा, मधेच अडकला तर झीज बरीच आहे समजा. तरी घाबरू नका, छोट्या कामाला असा लेथ मजेत चालतो, नुसतं लांब शाफ्टचं काम घेऊ नका. मकरपुऱ्यातल्या कारखान्यात बेड ग्राइंडिंगला टाकायचा खर्च मी तरी इतक्यात करणार नाही.

मोटर एक एचपी सिंगल फेज पुरेल, पट्ट्यावर जाळी हवीच. पहिल्यांदा सगळ्यात कमी स्पीडवर चालवून बुशवर (स्पिंडल ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या जागी) तळहात ठेवा, चटका बसला तर बंद करून तेल बघा. रंग सगळ्यात शेवटी.

आणि हो, चेंज गिअरची (आट्यांचं माप ठरवणारी, बदलता येणारी) सुटी चाकं घरभर शोधा, ती नसली तर आटे पाडता येणार नाहीत. आमच्याकडचं एक कितीतरी वर्षं लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवलेलं होतं.