दोन रकान्यांत न मावणारी माणसं

प्रिय मित्रा,

रशियन विचारपरंपरेवरच्या तुझ्या निबंधाचा खर्डा दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्याच पानावर तू पट्टीने रेघ मारलीस, डावीकडे 'धार्मिक' आणि उजवीकडे 'इहवादी' असे रकाने पाडलेस, आणि रशियन माणसं त्यांत वाटून टाकलीस. तिथेच मी अडलो. ख्रिस्ती तत्त्वज्ञ व्लादिमिर सोलोव्योव्ह डावीकडे, झारला मारणारे क्रांतिकारक उजवीकडे.

१८८१चा मार्च घे. तिथल्या जुन्या पंचांगाप्रमाणे १ तारखेला झार दुसरा अलेक्झांडर क्रांतिकारकांच्या बॉम्बहल्ल्यात मेला. २८ तारखेला पीटर्सबर्गच्या सभेत अठ्ठावीस वर्षांचा सोलोव्योव्ह उभा राहिला आणि म्हणाला, नवा झार ख्रिस्ती असेल तर त्याने मारेकऱ्यांना माफ करावं. पाच जणांना फाशी झालीच. सोलोव्योव्हची अध्यापकीही पुढे टिकली नाही. तुझ्या डाव्या रकान्यातला हा माणूस उजव्या रकान्यातल्यांच्या जिवासाठी बोलला, आणि ते आपल्या श्रद्धेच्याच आधारावर. मग ती रेघ नेमकी कुठे मारायची?

दहा वर्षांनी, १८९१मध्ये, मॉस्कोत त्याने मध्ययुगीन विश्वदृष्टीच्या ऱ्हासावर भाषण केलं. ते मुळापासून वाच, तुझ्या सगळ्या टिपणांपेक्षा ते मोलाचं आहे. यातना देऊन कबुलीजबाब घेणं, पाखंडी ठरवून जाळणं, माणसाला वेठीला धरणं हे कमी झालं ते बव्हंशी श्रद्धा न मानणाऱ्यांमुळे, असं तो धर्मनिष्ठांना तोंडावर सांगतो. ख्रिस्ताचं काम नास्तिकाच्या हातून कसं होईल, असं कोणी विचारेल हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तो अश्रद्ध पुरोहिताचं उदाहरण देतो: त्याने विधी नीट केला तर, तुमच्याच शास्त्राप्रमाणे, ख्रिस्त तिथे हजर असतो ना? मग बायबलातले दोन मुलगे. एक 'जातो' म्हणून गेला नाही, दुसरा 'जाणार नाही' म्हणून गेला. बापाची इच्छा कोणी पाळली? सभेत केवढी खळबळ उडाली असेल, याची कल्पना कर.

पण इहवाद्यांनाही तो सोडत नाही. माणूस माकडापासून आला, म्हणून एकमेकांवर प्रेम करा, हे रशियन बुद्धिवाद्यांचं तर्कशास्त्र, असं वाक्य त्याच्या नावावर सांगतात. त्यातल्या 'म्हणून' या शब्दाशी थांब. माझ्या मते या साऱ्या परंपरेचा प्रश्न तिथेच आहे. माणसाची किंमत कुठून येते? इहवादी मनुष्य ती जीव देऊन जपतो, पण ती का, हे त्याला त्याच्या सिद्धांतातून सांगता येत नाही. धार्मिकाला कारण सांगता येतं, पण जपायची वेळ आली की तो पुष्कळदा घरी बसलेला असतो.

१९०९च्या 'वेखी' या रशियन बुद्धिजीवींवर टीका करणाऱ्या लेखसंग्रहातून तू तत्त्वज्ञ सेम्योन फ्रांकचा उतारा घेतलास. नास्तिक बुद्धिजीवी हा नकारवादाच्या धर्मातला लढाऊ संन्यासी आहे, हे त्याचं निरीक्षण अचूक आहे. मात्र त्यावरून 'इहवाद हाही एक धर्मच' असं म्हणून तू विषय मिटवलास, ते मला पटलं नाही. फ्रांक आणि त्याच संग्रहात लिहिणारे बुल्गाकोव्ह, बेर्द्यायेव्ह हे सगळे आधी मार्क्सवादी होते. बुल्गाकोव्ह तर पुरोहिताचा मुलगा, सेमिनरीत, म्हणजे पुरोहित घडवणाऱ्या शाळेत, श्रद्धा गमावलेला, आणि १९१८मध्ये स्वतः पुरोहित झालेला. ही माणसं दोन्ही घरांत राहून आलेली होती, शेजाऱ्याच्या खिडकीतून डोकावून टीका करणारी नव्हती.

तुझ्यासारखीच रेघ पुढे बोल्शेविक राज्यसत्तेने मारली, आणि नको असलेल्या विचारवंतांना देशाबाहेर काढलं. सप्टेंबर १९२२च्या अखेरीस बेर्द्यायेव्ह आणि फ्रांक पेट्रोग्राडहून (म्हणजे पूर्वीच्या पीटर्सबर्गहून) जर्मन बोटीवर चढले ते मोजक्या कपड्यांनिशी. परत आल्यास गोळी घालू, अशी ताकीद होती.

पहिलं पान फाडू नकोस. सोलोव्योव्हचं ते भाषण वाच, आणि त्याच पानावर पेन्सिलने प्रत्येक नावापुढे लिही: हा माणूस कोणासाठी बोलला? ते घेऊन रविवारी ये, दुपारी मी घरीच आहे.

तुझा,
सर