विचारा तर खरं : गोदामातली पायपीट

प्रश्न : बेळगावच्या वडगावात आमचा साड्या आणि करदंटाचा (डिंक-सुक्यामेव्याच्या मिठाईचा) ऑनलाइन धंदा आहे. साडेतीनशे प्रकारचा माल, रोज साठेक ऑर्डरी. दोन पोरं दिवसभर रॅकांमधून फिरतात, तरी कुरिअरची गाडी चुकते. जागा वाढवावी का?

उत्तर : जागा राहू द्या, मांडणी बदला. मागच्या ३ महिन्यांत कुठली वस्तू किती ऑर्डरींत गेली ते मोजा. नग मोजू नका. वरच्या ६०-७० वस्तू पॅकिंगच्या टेबलाजवळ, गुडघा ते खांदा एवढ्या उंचीत ठेवा. जड खोकी खाली.

प्रत्येक खणाला पत्ता द्या : ब-३-२, म्हणजे ब रांग, तिसरा रॅक, खालून दुसरा खण. एका खणात एकच प्रकार. मोरपंखी आणि गडद हिरवी इरकल शेजारी ठेवलीत, की संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात एकीच्या जागी दुसरी जाणारच! मध्ये वेगळ्या रंगाच्या साड्यांचा खण येऊ द्या.

एका ऑर्डरीसाठी एक फेरी, हीच खरी उधळपट्टी. ट्रॉलीवर नंबर घातलेले ८-१० क्रेट ठेवून तेवढ्या ऑर्डरी एकदमच गोळा करा. करदंटाचे डबे मागून भरा, पुढून काढा. नाहीतर जुने मागेच पडून राहतात. आणि आपल्याकडचा पाऊस माहीत आहेच. साड्यांचे रॅक भिंतीपासून वीतभर लांब हवेत.